मुठीत मावणारे इंजिन

‘‘मराठी आणि इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीच्या बोटांना हे काळे तेल कसले?’’ गेल्या ऑगस्टमध्ये हजेरी घेता घेता आमच्या एका प्राध्यापकांनी मला विचारले. वर्गात हशा पिकला. मी हात ओढणीत लपवले आणि गप्प बसले. उत्तर मोठे होते आणि तासाला वेळ नव्हता. वार्षिकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा वाटले, ते राहिलेले उत्तर इथेच द्यावे.

ते तेल एरंडीचे होते आणि ते विमानाच्या इंजिनातून आले होते. दचकू नका. विमान बाल्सा लाकडाचे, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम मीटरभर. आणि इंजिन मुठीत मावणारे. राष्ट्रीय छात्रसेनेत १९५० साली हवाई शाखा सुरू झाली. या शाखेत कवायत आणि नेमबाजी यांच्याबरोबर एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या चालत्या प्रतिकृती बनवणे व उडवणे, हाही विषय असतो. शास्त्र शाखेच्याच मुलांनी त्यात यावे असा काही नियम नाही. काटोल तालुक्यातल्या एका खेड्यातून नागपूरला शिकायला आलेली मी, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. कुठल्या खोलीत आपण शिरायचे आणि कुठल्या नाही हे मला ठाऊक नव्हते. म्हणून त्या खोलीतही शिरले, आणि तिथेच रमले.

आम्ही उडवतो ती विमाने ‘कंट्रोल-लाइन’ प्रकारची. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि चालवणाऱ्याच्या हातातील मुठीला येऊन मिळतात. मूठ कलवली की शेपटीची पट्टी वर-खाली होते, आणि विमान चढते किंवा उतरते. चालवणारा मध्ये उभा आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरते. बैलाने घाण्याभोवती फिरावे तसे, फक्त वेग भलताच. आंतरराष्ट्रीय ‘टीम रेस’ स्पर्धेत या तारांची लांबी १५.९२ मीटर ठेवतात. हा आकडा विचित्र वाटतो खरा. पण गणित करून पाहा, तेवढ्या त्रिज्येची एक फेरी बरोबर १०० मीटरची होते. १०० फेऱ्या झाल्या की १० किलोमीटर. त्या स्पर्धेत इंजिन अडीच सीसीपेक्षा मोठे चालत नाही. आमच्या खोलीतले इंजिनही अडीच सीसीचेच.

अडीच सीसी म्हणजे किती? रस्त्यावरच्या साध्या मोटारसायकलचे इंजिन १०० सीसीच्या आसपास असते. त्याचा हा चाळिसावा हिस्सा; चहाच्या अर्ध्या चमच्यात मावेल एवढी जागा. पण एवढ्याशा जागेत जे चालते ते पाहण्यासारखे आहे. इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे सहज घेते. म्हणजे एका सेकंदात दीडशेहून अधिक वेळा पिस्टन वर जाऊन खाली येतो.

हे इंजिन ‘टू-स्ट्रोक’ जातीचे. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्याखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी होते आणि हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढले जाते. त्याच वेळी वरच्या बाजूला आधीचे मिश्रण दाबले जाऊन पेट घेते आणि पिस्टनला खाली ढकलते. खाली येताना पिस्टन आधी धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडतो, आणि मग ताजे मिश्रण खालून वर येण्याची. वेगळ्या झडपा नाहीत. खिडक्यांचा पहारेकरी स्वतः पिस्टनच. वंगणासाठीही वेगळी सोय नाही. मोटारीत तेल निराळे भरतात. इथे ते इंधनातच मिसळलेले असते. आत येताना ते सगळ्या भागांना माखते, आणि बरेचसे तसेच धुराबरोबर बाहेर पडते. विमान उतरल्यावर त्याचे एक अंग तेलाने निथळत असते ते यामुळे.

मग ते पेटते कसे? १९३०च्या दशकात अमेरिकेत बिल ब्राउन यांची ‘ब्राउन ज्युनिअर’ इंजिने गाजली. ती विजेच्या ठिणगीवर चालत. त्यासाठी विमानाला बॅटरी आणि कॉइल यांचे ओझे वाहावे लागे. १९४७ साली रे आर्डेन यांचा ‘ग्लो प्लग’ बाजारात आला आणि हे ओझे उतरले. या प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची केसासारखी तार वेटोळे करून बसवलेली असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने ती लाल करायची. इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून घ्यायची. तार तशीच तापलेली राहते. दाबाची उष्णता आणि ज्वलनाची उष्णता ही दोन कारणे तर आहेतच, पण तिसरे कारण गमतीचे आहे. इंधनातला मिथेनॉल प्लॅटिनमच्या सान्निध्यात आपोआप जळू लागतो आणि तारेला ऊब देत राहतो. म्हणजे इंधन तारेला तापवते आणि तार इंधनाला पेटवते.

दुसऱ्या जातीच्या इंजिनाला आम्ही ‘डिझेल’ म्हणतो, पण त्यात पंपावरचे डिझेल घालत नाहीत. त्याचे इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समसमान. ईथर १६० अंश सेल्सिअसच्या आसपास आपोआप पेटते, म्हणून नुसत्या दाबाने काम भागते. प्लग लागत नाही. शिवाय ईथर आणखी एक काम करते. एरंडेल रॉकेलमध्ये नीट मिसळत नाही. ईथर दोघांची सोयरीक जुळवते. एरंडेलाचा हा स्वभाव वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याकडे येते. इंजिन कधी बिघडते, असे विचारले तर कोणीही म्हणेल की चालताना. मलाही तसेच वाटे. खरे तर ते बहुधा बिघडते कपाटात ठेवलेले असताना. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

पहिल्या वर्षीच्या मार्चमध्ये परीक्षेआधीचे शेवटचे उड्डाण झाले. इंजिन साफ करून ठेवण्याची पाळी माझी होती. गावाकडची शेवटची बस गाठायची होती. मी इंजिन वरवर पुसले, फडक्यात गुंडाळले, कपाटात ठेवले आणि नोंदवहीत लिहिले, ‘साफ करून, तेल घालून ठेवले.’ खाली सही केली. तेल मी घातले नव्हते. आतले इंधनही काढले नव्हते. पंधरा मिनिटांचे काम, पण बस मिळाली.

जुलैत कपाट उघडले तेव्हा इंजिनाचा पंखा जागचा हलेना. आत काय झाले होते ते आता मला सांगता येते. एरंडेल हे वंगण म्हणून फार चांगले. कितीही तापले तरी पातळ होऊन पिस्टनला उघडे पाडत नाही. पण हवेत राहिले की ते आटते, घट्ट होते आणि लाखेसारखे धरून बसते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजण्याइतकी. तिथे एक थेंब डिंक पुरे होतो. नागपूरच्या उन्हाळ्याने ते काम चोख केले. दुसरीकडे मिथेनॉल हवेतले पाणी शोषून घेतो. ते पाणी पोलादी बेअरिंगला लागले आणि पावसाळ्यात गंज चढला. एका इंजिनाला दोन आजार, आणि दोन्ही माझ्याच हातचे.

मी घाबरून पंख्याला नेट लावला. पंख्याचे पाते मोडून हातात आले. एक सीनिअर पक्कड घेऊन आला. सरांनी त्याला थांबवले. मग त्यांनी नोंदवही उघडली, माझी नोंद वाचली आणि म्हणाले, ‘‘साफ तर केलेले दिसते. या वर्षी हवाच दमट आहे.’’ माझ्या सहीवर विश्वास ठेवून त्यांनी दोष हवेला दिला. मी गप्प राहिले. तीन आठवडे गप्प राहिले. त्या खोलीत जायचे, नव्या मुलींना प्लग कसा बसवायचा ते दाखवायचे, आणि कपाटाकडे पाहायचे नाही.

ऑगस्टमध्ये बाबा नागपूरला आले. आमच्या गावात ते मजुरी करतात, आणि संत्र्याच्या व कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत पाठीवरचे पेट्रोल पंप दुरुस्त करून देतात. त्या पंपांचे सामान घ्यायला आले होते. कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहून त्यांनी निरोप पाठवला. आत यायला तयार नव्हते. चपलांना चिखल आहे म्हणाले. मी त्यांना ओढतच एरोमॉडेलिंगच्या खोलीत नेले. सरांनी खुर्ची दिली. बाबा तिच्या कडेवर टेकले. पण टेबलावरचे इंजिन दिसताच त्यांचा संकोच गेला. त्यांनी ते हातात घेतले, नाकाशी नेले आणि म्हणाले, ‘‘हे त एरंडीचं तेल हाये.’’ पूर्वी बैलगाडीच्या आसाला हेच तेल घालीत, त्यामुळे तो वास त्यांच्या ओळखीचा.

सर म्हणाले, ‘‘जाम झाले आहे. फिरत नाही.’’ मी पुन्हा नव्या पंख्याला हात घातला. बाबांनी माझा हात बाजूला केला.

‘‘पोरी, जोर कायले लावतं? थे अडलं नाही, चिकटलं हाये. गरम कर.’’ आणि मग सरांकडे वळून सहज म्हणाले, ‘‘आमच्या पंपाले बी असंच होते, साहेब. लोक फवारनी झाली का तसाच ठेवून देतेत, मंग पुढच्या साली मले बोलावतेत. हेबी कोनी तरी तसंच ठेवलं.’’

सर म्हणाले, ‘‘नाही, नोंद तर साफ केल्याची आहे.’’

खोलीत आम्ही तिघेच होतो. मी म्हणाले, ‘‘सर, नोंद खोटी आहे. ती माझी आहे.’’

सर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली, पेन दिले आणि म्हणाले, ‘‘ती खोडू नकोस. तिच्याखाली खरी नोंद लिही.’’ मी लिहिले. बाबा तेवढा वेळ इंजिनाकडेच पाहत होते. त्यांना चौथीपर्यंतचे वाचता येते. मी काय लिहिते आहे हे त्यांना दिसत होते.

त्यानंतर आम्ही इंजिन सोडवले. ती कृती अशी. आधी इंधनाचे डबे खोलीबाहेर नेले आणि खिडक्या उघडल्या. ग्लो प्लग काढला. हॉस्टेलवरून इस्त्री आणून उलटी धरून बसवली आणि तिच्या तापलेल्या तळावर इंजिन ठेवले. वर पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडून जाईल, इतके तापू दिले. मग फडक्यात धरून बाबांनी पंखा हलवला. फिरवला नाही, हलवला. सूतभर इकडे, सूतभर तिकडे. पहिल्यांदा काहीच नाही. पुन्हा तापवले. तिसऱ्या खेपेला पंखा बोटभर सरकला आणि मग सावकाश पूर्ण फिरला. मी सगळा जोर लावूनही जे झाले नाही ते दोन बोटांनी झाले. जोर लावला असता तर काय मोडले असते हे मला नंतर कळले. पिस्टन धरून बसला असताना शाफ्टला पीळ दिला तर दोघांच्या मधला बारीक कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि एवढ्या इंजिनात तोच सर्वांत नाजूक.

उरलेला डिंक काढायला बाबांनी पेट्रोल मागितले. पण माझी खोलीतली मैत्रीण बी. एस्सी.ला आहे. ती म्हणाली, एरंडेल पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. दोघांचेही बरोबर होते. फवारणी पंपात खनिज तेल असते, त्याला पेट्रोल चालते; एरंडेलाला अल्कोहोलच हवे. इंजिन रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले. सकाळी त्या बरणीत चहासारखे पाणी झाले होते, आणि माझी बोटे काळी. तो हजेरीचा प्रसंग त्याच दिवशीचा.

बेअरिंग मात्र गेलेच होते. शाफ्ट फिरवला की कर्र कर्र असा आवाज येई आणि बोटाला खरखर लागे. बेअरिंग ठोकून काढायचे नसते. मोकळी क्रँककेस तापवायची. अॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे घर सैल होते. मग लाकडावर हलकेच आपटले की बेअरिंग आपल्या पायांनी बाहेर येते. नवे बसवतानाही तीच युक्ती. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो; तो दाखवला की बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचे मागता येते. त्याचे पैसे मी शिष्यवृत्तीतून दिले. सर नको म्हणत होते. मी ऐकले नाही.

या सगळ्यातून जे शिकले ते आता आमच्या खोलीतील भिंतीवर मी स्वतःच्या हाताने लिहून लावले आहे. मित्रमैत्रिणींना उपयोगी पडावे म्हणून इथे थोडक्यात देते.

दिवसाचे शेवटचे उड्डाण झाले की इंधनाची नळी काढून इंजिन आतले सगळे इंधन संपेपर्यंत चालू द्यावे. मग हवेच्या तोंडातून आणि प्लगच्या भोकातून पातळ, न चिकटणाऱ्या तेलाचे चार-चार थेंब सोडून पंखा हाताने दहा-वीस वेळा फिरवावा. बाहेरून पुसून, तोंडे झाकून ठेवावे. एवढे केले तर वर्षभर भीती नाही.

विमान मातीत कोसळले तर इंजिन फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. आत गेलेला वाळूचा एक कण एका फेरीत सिलिंडर ओरखडतो. आधी धुवावे, मग फिरवावे.

इंधन जास्त होऊन इंजिन तुंबले आणि पंखा अडला, तरी जोर लावू नये. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. वाकतो तो रॉड. प्लग काढून, इंजिन उलटे करून इंधन ओतून द्यावे.

इंजिन सुरूच होत नसेल तर सुया आणि स्क्रू एकदम फिरवत सुटू नये. एकेक गोष्ट पाहावी. प्लगची तार लाल होते का? इंधन पोचते का? पंखा फिरवताना दाब लागतो का? कुठून हवा शिरते का? बहुतेक वेळा दोष प्लगचा किंवा सुईच्या तोंडाशी अडकलेल्या कचऱ्याचा असतो. पिस्टन अडवण्यासाठी धुराच्या खिडकीत पेचकस कधीही घालू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. फिरणाऱ्या पंख्याच्या रेषेत किंवा समोर उभे राहू नये. सुई नेहमी मागून फिरवावी. सुरू करताना उघड्या बोटाऐवजी लाकडी दांडी वापरावी. मिथेनॉल हे विष आहे, त्याच्या खरेदी-विक्रीवर सरकारी निर्बंध आहेत, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. म्हणून जाणत्या माणसाशिवाय या कामाला हात घालू नये.

कोणी म्हणेल, आता छोटी विमाने विजेच्या मोटरीवर उडतात. ना तेल, ना धूर. मग ही उठाठेव कशाला? खरे आहे. मोटर स्वच्छ, आवाज कमी, कळ दाबली की चालू. मीही ती उडवते. पण मोटर ठेवणाऱ्याचा हिशेब मागत नाही. इंजिन मागते. तुम्ही मार्चमध्ये काय केले ते जुलैत सांगते, आणि नोंदवहीत काय लिहिले आहे ते बघत नाही.

आपल्या वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या विभागाचे, मुख्यालय याच नागपुरात, वायुसेनानगरला आहे. पूर्वी त्या फाटकावरून जाताना मला वाटे, विमान उडवणारे ते खरे. आता बसमधून जाताना मी त्या पाटीकडे जरा निराळ्या नजरेने पाहते.

डिसेंबरमध्ये आमचे इंजिन पुन्हा उडाले. सुरुवातीला सुई सैल ठेवून, जास्त इंधन देऊन, फडफडत्या आवाजात काही टाक्या चालवले. मग सुई हळूहळू आवळत नेली तसा आवाज एकसारखा, उंच झाला. पूर्वीइतका जोर त्याच्यात नाही. सिलिंडरवर गंजाचा एक बारीक डाग राहिला आहे, तो जाणार नाही. विमान मात्र वर्तुळ पुरे करते.

त्या दिवशी बाबांना फाटकापर्यंत पोचवायला गेले होते, तेव्हा ते मला काहीतरी बोलतील असे वाटले होते. खोट्या सहीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. रुमालाला हात पुसले आणि विचारले, ‘‘बस किती वाजता हाये?’’ मी म्हणाले, ‘‘अजून वेळ आहे, बाबा.’’ आणि आम्ही दोघे फाटकाशी उभे राहिलो.